दीड दिवसाची बिअर

देव घरात यायच्या आधी बिअर घराबाहेर गेली पाहिजे, असं सरोज मॅडमनी सांगितलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

त्यांचं काही चुकलं असं त्यांच्या ड्रायव्हरला, रामेश्वरला वाटलं नाही. उद्या सकाळी गणपती बसणार होता. हॉलमध्ये मखर उभं होतं, आणि हॉलला लागूनच्या मोलकरणीच्या रिकाम्या खोलीत दहा लिटरच्या बुधल्यात बिअर बुडबुडत होती. एका छपराखाली दोन्ही नको, एवढंच त्या म्हणाल्या. मग ती जाईल कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. अशा घरांत हा प्रश्न कुणी विचारत नाही. घरातून बाहेर काढलेली प्रत्येक घाण कुठं जाते, हे ड्रायव्हरला माहीत असतं.

ही बिअर नावाला मॅडमच्या नवऱ्याची, सुरेश साहेबांची होती. साहेब पुण्याचे, गॅसच्या कंपनीत इंजिनिअर, कतारमध्ये ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत व्हिला. त्यांचा एक गोरा सहकारी बदली होऊन गेला, तेव्हा त्याचं बिअर करायचं उरलंसुरलं सामान यांच्या गळ्यात पडलं: मोड काढलेल्या सातूचं अर्धी पिशवी मॉल्ट, हॉप्सच्या कडू फुलांची तीन फोडलेली पाकिटं, तारीख उलटलेलं यीस्ट, बुचं बसवायचं यंत्र. तिथं दारू घरी करणं म्हणजे सरळ तुरुंग. पण साहेबांना हौस. त्यांनी दोनदा करून बघितली आणि दोन्ही वेळा ओतून दिली.

तिसऱ्या वेळी रामेश्वर बोलला. वाळूजच्या एमआयडीसीत बिअरच्या कारखान्यात त्याने नऊ वर्षं टँकवर काढली होती. कंत्राटदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली, आणि रामेश्वर गाडी चालवायला इकडं आला. इथं सहा वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं की तुला अजून काय येतं.

"साहेब, मॉल्ट कमी आहे. पोहे घाला," तो म्हणाला होता.

"पोहे? बिअरमध्ये? कांदा पण टाकू का?"

"आम्ही कारखान्यात तांदळाची कणी घालायचो. बिअरचं अंग हलकं होतं. मॅडमच्या डब्यात जाडे पोहे आहेत, नुसते पडून आहेत, किडे लागतील."

साहेब हसले, पण घातले. हॉप्स रामेश्वरने शेवटच्या दहा मिनिटांना टाकले, कडूपणा कमी आणि वास जास्त यावा म्हणून. त्या दिवशी खोलीत मोसंबीच्या सालीसारखा वास सुटला आणि रामेश्वर दोन मिनिटं नुसता उभा राहिला. हात विसरले नव्हते. नंतर फोनवर साहेबांनी मित्रांना सांगितलं, "माझी स्वतःची रेसिपी आहे रे, पोह्यांची." रामेश्वर तेव्हा गाडी पुसत होता. त्याने ऐकलं आणि पुसत राहिला.

तर शुक्रवारी सकाळी साहेबांनी बाटल्या भरायला घेतल्या. मॉल्टच्या बिनदारूच्या सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, चोवीस. रामेश्वरने गोडी मोजायचा काचेचा काटा बुडवून बघितला.

"साहेब, गोडी बावीसवर आहे. दहावर यायला पाहिजे, आणि मग तीन दिवस तिथंच थांबायला पाहिजे. अजून आंबतीय ही. आत्ता बूच लावलं तर बाटली फुटंल."

"तू मला शिकव आता. प्रेशर व्हेसलवर, दाबाच्या टाक्यांवर काम करतो मी."

"मग तुम्हाला कळायलाच पाहिजे की."

साहेबांनी वर बघितलं. नोकर खरं बोलला की मालकाच्या चेहऱ्यावर जे येतं ते आलं. "बूच लाव. आणि तुझ्या खोलीवर ने. दीड दिवसाचा तर प्रश्न आहे. विसर्जन झालं की रविवारी रात्री घेऊन ये, लोक येणार आहेत."

"माझ्या खोलीवर?"

"मग काय गणपतीपुढं ठेवू?"

साहेबांना देव सोवळ्यात हवा होता आणि बिअर थंड. मधलं सगळं रामेश्वरचं.

त्याने बुचं लावली. त्याचा व्हिसा साहेबांच्या नावावर होता आणि गावाकडं पोरगी बारावीला होती. दुपारी बाटल्या दोन क्रेटमध्ये घालून, वर ओलं गोणपाट टाकून त्याने डिकीत ठेवल्या आणि आपल्या खोलीचा, उम्म सलाल मोहम्मद गावाचा रस्ता धरला. बाहेर त्रेचाळीस डिग्री. डिकीत किती, ते मोजायला काटा नको. पंचवीस मिनिटांचा रस्ता, आणि अर्ध्यातच मागं आवाज झाला. मोठा नाही. कुणीतरी दाराला लाथ मारावी तसा. शेजारच्या गाडीतल्या माणसाने मान वळवून बघितलं. रामेश्वरने एसी वाढवला आणि सिग्नलकडं बघत राहिला. मोसंबीचा वास पुढच्या सीटपर्यंत आला.

त्याची खोली म्हणजे एका जुन्या घराची प्लायवूड लावून पाडलेला एक कप्पा. दोन खाटा. दुसरी मुदस्सिरची. मुदस्सिर बीडचा, एका शेतावर पंप आणि पाण्याच्या लाइनी सांभाळायचा, नुकताच जुम्म्याची नमाज पढून आला होता. रामेश्वरने पहिला क्रेट आत आणला. ओल्या गोणपाटाखालून पाणी नव्हे, फेस गळत होता.

मुदस्सिरने वास घेतला आणि टोपी काढून खाटेवर ठेवली.

"रामेश्वरभाऊ, हे काय आणलंय?"

"साहेबांचं आहे. रविवारपर्यंत."

"साहेबांचं आहे तर साहेबांच्या घरी का नाही?"

"त्यांच्याकडं गणपती बसणार आहे."

मुदस्सिरने गोणपाट उचलून बाटल्या बघितल्या. मग म्हणाला, "त्यांच्या देवाला चालत नाही. माझ्या देवाला चालतं, असं कुणी सांगितलं त्यांना?"

"त्यांना तू आहेस हेच माहीत नाही, मुदस्सिर."

"पोलिसाला माहीत होईल ना. दोन खाटा मोजता येतात त्याला. भाऊ, दहा वर्षं झाली मला इथं. एक कागद वाकडा नाही माझा."

तेवढ्यात क्रेटमधली दुसरी फुटली. काच गोणपाटातच राहिली, पण पलीकडच्या कप्प्यातून कुणीतरी ओरडलं, "क्या गिरा?"

"बोतल गिरा भाई, खलास!" रामेश्वर ओरडला, आणि त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, दोन फुटल्या. ओतून टाकतो."

"अजिबात नाही! बावीस तरी राहू देत. फ्रिजमध्ये टाक."

"फ्रिज आठ जणांत एक आहे. सापडलं तर?"

पलीकडं साहेबांनी आवाज खाली घेतला. मागं मखराला खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. "हे बघ, तुझ्या खोलीत सापडलं तर ते तुझं. मी काही तुला दिलेलं नाही. मला दोन मुलं आहेत, शाळा आहे, नोकरी आहे. तुला फार तर घरी पाठवतील. मी बघेन तिकिटाचं. कळलं?"

"कळलं," रामेश्वर म्हणाला.

नऊ वर्षं टँकवर, सहा वर्षं गाडीवर, आणि एवढं स्पष्ट त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने क्रेट उचलला. मुदस्सिरने दार धरलं, मग सांडलेलं पुसायला फडकं घेतलं, आणि पुसता पुसता म्हणाला, "सावकाश चालव. खड्डा बघून."

साहेबांच्या घराकडं परत जाताना त्याने दोन्ही क्रेट डिकीत नाही, मागच्या सीटच्या पायाशी ठेवले आणि एसी त्यांच्यावर सोडला. पकडलं असतं तर सगळं त्याच्याच डोक्यावर आलं असतं. भीती वाटलीच. पण खोलीवर परत जायचं तर मुदस्सिरसमोर रिकाम्या हाताने जायचं, एवढं त्याचं ठरलं होतं.

व्हिलाच्या मागच्या दाराने ड्रायव्हर आत येतो. रामेश्वर पुढच्या दाराने आला. हॉलमध्ये साहेबांची धाकटी ओवी मखराला सोनेरी कागद चिकटवत होती. "Papa, रामेश्वर uncle is here," ती म्हणाली. "He smells funny."

साहेब शिडीवरून उतरले. "काय करतोयस? बाहेर ने ते! आत्ता!"

"तुमचं आहे. तुमच्या मोरीत ओततो."

"आवाज खाली. सरोज, ओवीला आत घेऊन जा."

सरोज मॅडम स्वयंपाकघरातून आल्या. हाताला सारणाचं ओलं खोबरं लागलेलं. त्यांनी क्रेटकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "हे तुम्ही यांच्या खोलीवर पाठवलं होतं?"

"मग कुठं पाठवणार? तूच म्हणालीस बाहेर काढा."

त्या वळल्या. पोरीला घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. रामेश्वरला वाटलं होतं त्या काहीतरी म्हणतील. एखादा शब्द. दार लागल्यावर त्याला कळलं की तो शब्द काही यायचा नाही.

हॉलच्या बाजूच्या बाथरूममध्ये तो बसला. टॉवेल गुंडाळून एकेक बूच हळू सैल करायचं, आधी हवा जाऊ द्यायची, मग ओतायची. बावीस बाटल्या. फेस घोट्यापर्यंत आला. सगळ्या घरात मोसंबीच्या सालीचा, कडवट, ओल्या गवताचा वास भरला. साहेब दारात उभे होते. उदबत्त्यांचा पुडा फोडून त्यांनी चार-चार एकदम पेटवल्या.

शेवटच्या बाटलीतली रामेश्वरने तळहातावर घेतली आणि चाखली. हलकी होती. पोह्यांनी आपलं काम केलं होतं. गोडी अजून अंगात होती, ती जायला वेळ हवा होता.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. "तिकीट काढतो तुझं."

"काढा. पण महिन्याचा पगार आणि पासपोर्ट आधी हातात द्या. नाहीतर मी इथंच बसतो. उद्या पाहुणे आरतीला आले की त्यांच्यासमोर मागतो."

साहेबांनी उरलेल्या उदबत्त्या खाली ठेवल्या. मग आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला.

तो बसने खोलीवर पोहोचला तेव्हा सूर्य मावळतानाची मगरिबची अजान होऊन गेली होती. मुदस्सिरने फरशी साबणाने तीनदा धुतली होती. दोघांच्यासाठी खिचडी टाकली होती. रामेश्वरने पासपोर्ट उशीखाली ठेवला आणि जेवायला बसला.

"पोरीला काय सांगणार?" मुदस्सिरने विचारलं.

"काम सुटलं म्हणून सांगणार. खरंच आहे."

"माझ्या मालकाला टँकरवर माणूस हवाय. उद्या विचारतो. इन्शाल्ला." त्याने ताटात वाढलं, थोडं थांबला, आणि मान वर न करता म्हणाला, "कशी झाली होती?"

"कच्ची होती," रामेश्वर म्हणाला. "आठ दिवस अजून दिले असते तर चांगली झाली असती."

मुदस्सिरने मान हलवली आणि लोणच्याची बाटली त्याच्याकडं सरकवली.