दोन खुणांची पट्टी

त्याने उजव्या पायातला बूट काढला आणि बूटवालीच्या पुढ्यात आपटला.

"यापेक्षा अरुंद दाखवा."

बूटवालीने आधी बूट पाहिला, मग पाय पाहिला. मोज्यात कोंबलेला तो पाय देवाने घाईघाईत केला असावा. लांबीचं माप हुकलं आणि उरलेला सगळा माल रुंदीला लागला, असा. गावभर त्याला फावड्या म्हणत ते काही उगाच नाही. शाळेत पडलेलं नाव कंपनीच्या बसच्या स्टिअरिंगपर्यंत त्याच्यासोबत आलं होतं, आणि बावीस वर्षं बस चालवूनही कुणी ते मागे घेतलं नव्हतं.

"अरुंद? या पायाला?" बूटवाली म्हणाली. "मग निम्मा पाय घरी ठेवून यायचं होतं."

"तुम्ही बूट विकता की अक्कल?"

"अक्कल फुकट देते. बूट विकते. बसा."

दुकान म्हणजे एक लांबुळकी खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी आणि मध्ये एक बाक. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला त्याने बोलावलं नव्हतं. नऊ दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं चाललं होतं, पण आज तो 'बूट घेऊन येतो' म्हणाला तशी ती चपला घालून दारात उभी राहिली. लग्नाला सतरा वर्षं झाली, या माणसाने स्वतःहून कधी हातरुमालसुद्धा घेतला नव्हता.

आणि नऊ दिवसांपूर्वी जे झालं होतं, त्यानंतर तर तिचा त्याच्या कुठल्याच गोष्टीवर भरवसा उरला नव्हता. झालं होतं असं, की सकाळच्या पाळीची माणसं घेऊन आलेली बस फाटकातून आत वळता वळता थेट चौकीदाराच्या खोलीत घुसली. चौकीदार नुकताच पाणी प्यायला उठला होता म्हणून वाचला. त्याच्या खुर्चीचा चुरा झाला. फावड्याने लेखी जबाब दिला: ब्रेक दाबला, लागला नाही. त्या दिवशी पहाटे 'ब्रेक ठीक' म्हणून सही केली होती कंपनीच्या मेकॅनिकने. मेकॅनिक त्याचा मेहुणा, हिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला घरी बसवलं होतं. उद्या दहा वाजता मोठा तपासनीस येणार, तीच बस फावड्याकडून चालवून घेणार, आणि मग भावाची नोकरी राहणार की जाणार ते ठरणार.

बूटवालीने जुना बूट उलटा केला. तळाच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला, करंगळीच्या जागी थांबली.

"नंबर दहा घालता?"

"बावीस वर्षं."

"पाय आठचा आहे तुमचा. रुंदीसाठी लांबी घेत आलात. पुढे दोन बोटं नुसती हवा, आणि कड ही एवढी बाहेर. रुंद पायाला कातडं रुंद लागतं हो, तळ नाही. कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही विचारलं नाही. चालवता काय?"

"बस."

"तरीच. ही कड बघा, कशी घासलीय. आणि घासलीय तीही आत्ता आत्ता, आत नवं रबर दिसतंय. गाडी बदलली का?"

फावड्या मोजा वर ओढू लागला. बायको बाकावरून थोडी पुढे सरकली.

"महिना झाला, नवी गाडी आली," ती म्हणाली.

"तुला विचारलंय का कुणी?" तो खेकसला.

बूटवालीला नवराबायकोच्या भांडणात रस नव्हता. रोज दोन-तीन जोडपी तिच्या बाकावर भांडत. ती उठली आणि फडताळातून पॉलिशच्या दोन डब्या घेऊन आली. "पेडलमध्ये अंतर किती?" तिने विचारलं. "अंदाजे नको. अंदाजाने बूट देते आणि मग लोक परत येतात."

त्याने खिशात हात घातला, थांबला, आणि मग पुठ्ठ्याची एक पट्टी काढून तिच्या हातात दिली. पट्टीवर पेन्सिलच्या दोन रेघा होत्या.

बूटवालीने पट्टी जमिनीवर ठेवली. एका रेघेला एक डबी लावली, दुसऱ्या रेघेला दुसरी. "हा ब्रेक. ही रेस. हं, दाबा."

पण बायकोचं लक्ष डब्यांकडे नव्हतंच. त्या पुठ्ठ्यावर निळी नक्षी होती. तिच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या खोक्याची. शुक्रवारी खोकं फाटलेलं सापडलं तेव्हा तिने घरभर विचारलं होतं, आणि हा पेपरमधून डोकं वर न काढता 'उंदीर असेल' म्हणाला होता. शुक्रवारीच तो 'डबा गाडीत राहिलाय' म्हणून यार्डात गेला होता. बस तर अपघातापासून तिथंच कुलपात उभी होती.

"हे माप कधी घेतलंत?" तिने विचारलं.

"घेतलं कधीतरी."

"शुक्रवारी."

"घेतलं असेल शुक्रवारी! आता काय पंचांग बघू?"

त्याने जुना बूट चढवला आणि पाय पहिल्या डबीवर ठेवला. टाच बाहेर काढून, चवडा आत वळवून. डबी दबली. शेजारची जागची हलली नाही.

"असं नाही," बूटवाली म्हणाली. "वाकडा नका ठेवू. समोर कुणी आडवं आलं की पाय सरळच पडतो. सरळ ठेवा."

त्याने पाय सरळ केला. बुटाची कड दुसऱ्या डबीवर चढली आणि डबी कलंडून बाकाखाली गेली.

"घ्या," बूटवाली म्हणाली. "ब्रेकसोबत रेस. दाबाल तेवढी गाडी जास्त पळेल, आणि तुम्हाला वाटेल ब्रेकच गेला. नशीब समजा, अजून कुणाला उडवलं नाहीत."

ती सहज बोलली होती. तिला काय ठाऊक! खोकं काढायला ती शिडीवर चढली. बायकोने वाकून बाकाखालची डबी काढली आणि जागेवर ठेवली. ठेवताना ती डबीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

नवे बूट मऊ कातड्याचे होते. तळ पातळ, कड बाहेर अजिबात नाही, टाच गोलसर. त्याने पाय घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा करंगळी बुटात गेल्यावर निजली. पाय सरळ ठेवून त्याने डबी दाबली. शेजारची डबी ढिम्म. पुन्हा दाबली. ढिम्म. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, ते बायकोला स्पष्ट दिसलं, आणि तिला त्याचा इतका संताप आला की ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

"जुने फेकून द्या," तो म्हणाला.

"द्या इकडे," बायको दारातून म्हणाली.

"कशाला पाहिजेत तुला?"

"द्या म्हटलं ना."

बूटवालीने दोघांकडे पाहिलं आणि जुने बूट पिशवीत घालून तिच्या हाती दिले.

रस्त्यात तो चार पावलं पुढे चालत होता. कोपऱ्यावर येऊन थांबला. "त्या बाईला गाडीतलं काय कळतं?" तो म्हणाला. "चामडं कापणारी बाई. तिचं ऐकून तू माझ्यावर डोळे काढतेस?"

"मी तिचं ऐकत नाहीये. पट्टी तुमची होती."

"तुझा भाऊ काय धुतल्या तांदळाचा आहे? मला फावड्या म्हणायला सगळ्यांत पुढे तोच असतो! कामावर आल्यापासून माझी खोडी काढतोय. चार दिवस घरी बसला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"चार दिवस नाही. उद्या काढतील त्याला. 'ब्रेकची खोटी सही' असा शेरा मिळाला तर कुठल्या गॅरेजात उभा करतील? त्याची पोरं माझ्याकडे जेवायला आली की त्यांच्या ताटासमोर बसाल तुम्ही?"

"आणि मी खरं बोललो की मला हार घालतील? स्टिअरिंग काढून घेतील माझ्याकडून! दुसरं येतंय काय मला?"

पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ते निघालं होतं. त्याचं त्यालाही कळलं. तो वळून झपाझप घराकडे चालू लागला.

सकाळी त्याने नव्या बुटांचं खोकं उघडलं तर आत जुने बूट. पुसलेलेसुद्धा नाहीत, कडेला घासलेलं रबर जसंच्या तसं.

"नवे कुठायत?"

"कपाटात. किल्ली माझ्याकडे आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? दे किल्ली!"

"नाही देणार." ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. "मी भावाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा, नाही तर नका सांगू. पण ते बूट घालून आज तुम्ही त्या गाडीत बसणार नाही."

त्याने खुर्ची ढकलून दिली. तिच्या नावाने, तिच्या माहेराच्या नावाने, झाडून सगळ्यांच्या नावाने ओरडला. ती वळलीच नाही. शेवटी साडेनऊ झाले. चपला घालून तपासणीला उभं करत नाहीत. जुने बूट चढवून, नाड्या करकचून आवळून तो निघाला. वाटेत त्याने मनाशी ठरवलं: टाच बाहेर, चवडा आत. काल डबीवर जमलं होतं, आज पेडलवर जमेल. बायकोला म्हणावं, ठेव तुझे बूट कपाटात.

यार्डात बस उभी होती. पुढचा पत्रा ठोकून सरळ केलेला, रंग मात्र अजून लावलेला नव्हता. तपासनीस कागद चाळत होता. मेहुणा बसच्या दाराशी हाताची घडी घालून उभा. दहा दिवसांत त्याची दाढी वाढली होती. फावड्याला पाहून त्याने मान फिरवली.

"निघण्याआधी काही सांगायचंय?" तपासनीसाने मेकॅनिकला विचारलं. "ब्रेक ठीक होता असं तुमचं अजूनही म्हणणं आहे?"

मेहुण्याने घडी सोडली, पुन्हा घातली.

"साहेब, मी तीनदा उघडून बघितला. मला काही सापडत नाही." तो थांबला. "भावोजींचं आणि माझं पटत नाही. कधीच पटलं नाही, अख्ख्या यार्डाला माहीत आहे. पण हा माणूस खोटं बोलत नाही. ते म्हणतात लागला नाही, तर नसेल लागला. माझंच काहीतरी चुकलं असणार."

तपासनीसाने ते लिहून घेतलं.

फावड्या वर चढला. तपासनीस शेजारच्या सीटवर बसला, आणि मेहुणा मागे दांडी धरून उभा राहिला. गाडी सुरू झाली. यार्डाच्या त्या टोकाला रिकामी पिंपं ओळीने मांडली होती. त्यांच्या अलीकडे थांबायचं. फावड्याने टाच बाहेर काढली, चवडा आत वळवला. वाटेत चुन्याने आखलेल्या खुणेपाशी ब्रेक दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली.

"ठीक," तपासनीस म्हणाला. "आता थोडी वेगात घ्या, आणि मी म्हटलं की दाबा."

गाडी निघाली. समोरच्या आरशात मेहुण्याचा चेहरा दिसत होता. तो पिंपांकडे बघत नव्हता. मान कलती करून, डोळे मिटून, ब्रेकचा आवाज ऐकायला थांबला होता. आपली चूक नेमकी कुठे झाली ते ऐकायला.

"दाबा!"

फावड्याने पाय सरळ केला.

इंजिन ओरडलं. बस उसळून पुढे गेली. दोन पिंपं आडवी झाली, तिसरं घरंगळत भिंतीवर आदळलं. तपासनीसाचे कागद पायाशी पसरले. फावड्याने पाय उचलला, पुन्हा टेकला, या वेळी वाकडा, आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"अहो, काय हे!" तपासनीस ओरडला. "मारता काय आम्हाला?"

फावड्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग वाकून उजव्या बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ सकाळी रागाने आवळलेली, सुटता सुटेना. शेवटी तशीच ओढून त्याने बूट काढला आणि घासलेली कड वर करून तपासनीसासमोर धरला.

"ब्रेक चांगला आहे, साहेब. त्या दिवशीही चांगलाच होता. ही कड रेसवर चढते. मला चौथ्या दिवशी कळलं."

तपासनीस बुटाकडे बघत राहिला. मग मेहुणा पुढे आला, वाकून खाली बसला, आणि रेसच्या पेडलच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं. ते त्याने तपासनीसाला दाखवलं, फावड्याला नाही.

"ताईला माहीत होतं?" त्याने पेडलकडे बघतच विचारलं.

"तिला कालच कळलं," फावड्या म्हणाला. "आज हे बूट तिनेच घालायला लावले."

मेहुणा उठला. त्याने बोट पँटला पुसलं आणि भावोजींच्या अंगाला अंग लागणार नाही अशा बेताने बाजूने खाली उतरून गेला. तपासनीसाने बूट ठेवून घेतला. पुरावा म्हणून लागेल, म्हणाला. मग एका पायात बूट आणि एका पायात मोजा, असा फावड्या बसमधून उतरला आणि घराकडे चालू लागला.