तुळई लवकर तुटली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने भारयंत्र आहे. नाव जड वाटले, तरी माझे काम सोपे आहे. माझ्या दोन खांबांमध्ये एखादी वस्तू ठेवायची, वरून हळूहळू दाब वाढवत न्यायचा आणि ती तुटेपर्यंत थांबायचे. ती किती भाराला तुटली, हे माझ्या तबकडीवरचा काटा सांगतो. जगातली बहुतेक यंत्रे काहीतरी घडवतात. मी मात्र तोडतो, आणि नीट तोडले की लोक खूश होतात.

एका कारखान्यात माझे खांब ओतले गेले. हिरवा रंग लावून मला विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात आणले, तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराची चौकट काढावी लागली होती. सुरुवातीची वर्षे माझे फार लाड झाले. दरवर्षी एक तपासनीस पोलादी कडे घेऊन यायचे. ते कडे किती भाराला किती दबते, हे आधीच ठाऊक असायचे. ते माझ्याखाली ठेवायचे आणि माझा काटा खरे सांगतो का, ते पाहायचे. कपाळावर तपासणीची नवी चिठ्ठी चिकटली, की पुढचे वर्षभर मी निर्धास्त असायचो.

पुढे ते तपासनीस निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोण येणार, हे कुणी विचारलेच नाही. माझ्या पंपातून तेल झिरपू लागले, तर खाली एक डबा ठेवला गेला, एवढेच. काम चालूच होते. पण मित्रांनो, तेव्हापासून एका काळजीने मला पोखरले. मी सांगतो ते खरे असते का? हे माझे मला कळत नाही. आपला काटा आपल्याला नेहमी बरोबरच वाटतो.

माझ्या पलीकडे पातळ लाकडी भिंत आहे आणि तिच्या पलीकडे सेमिनारची खोली. दर आठवड्याला तिथे कुणीतरी आपले संशोधन मांडते. मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते. आधी ठणठणीत आवाज, मग पहिला प्रश्न, मग पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडल्याचा आवाज. "याला आधार काय?" असे कुणी विचारले, की भिंतीच्या अलीकडे मीच घाबरतो. कारण बऱ्याचदा तो आधार मी असतो.

अशातच पीएचडी करायला एक मुलगी आली. आधी काही वर्षे तिने बांधकामावर नोकरी केली होती. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा बारीक करून, त्यापासून काँक्रीट बनवता येईल का, हा तिचा विषय. म्हणून सगळे तिला राडाताई म्हणायचे. खरे तर इतकी शांत मुलगी त्या विभागात दुसरी नव्हती. ती काँक्रीटच्या छोट्या तुळया ओतायची, त्या पाण्याच्या टाकीत भिजत ठेवायची आणि मुदत भरली की माझ्याकडे आणायची. "चल रे बाबा, सांभाळून घे," असे म्हणत खांबावर थाप मारायची. प्रयोगशाळेचे मेकॅनिक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते पंप सुरू करायचे. तिच्या तुळया छान टिकायच्या. तिचा चेहरा फुलायचा आणि माझी काळजी वाढायची.

एकदा सेमिनारमध्ये कुणीतरी विचारले, "ताई, मशीन शेवटचं कधी तपासलंय?"

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. पुढचा?"

असे करता करता तिच्या पीएचडीच्या अंतिम परीक्षेचा दिवस उजाडला. खोली भरली होती. तिची आई खास आली होती. बाहेरच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक अगदी हळू बोलायचे, त्यामुळे मला कान टवकारून ऐकावे लागत होते. राडाताईने सगळ्या प्रश्नांना उत्तरे दिली. आता संपले, असे वाटत असतानाच परीक्षक म्हणाले, "एखादी तुळई शिल्लक आहे का? आपल्यासमोर तोडून बघू या."

"सर, त्याची गरज आहे का?" मार्गदर्शकांनी विचारले.

"गरज नाही. हौस आहे."

सगळे माझ्याभोवती गोळा झाले. काकांनी घाईघाईने माझे तेल पुसले. राडाताईने टाकीच्या पलीकडच्या टोकाची एक तुळई आणून माझ्यात ठेवली आणि ती किती भार घेईल, तो आकडा फळ्यावर लिहिला. पंप घरघरला. माझा काटा सरकू लागला. मी मनात म्हणत होतो, आज अडखळू नकोस, आज तरी नको.

फळ्यावरचा आकडा अजून बराच लांब होता. तेवढ्यात कट्कन आवाज झाला आणि तुळईचे दोन तुकडे झाले.

तिची आई शेजारच्या विद्यार्थ्याच्या कानाशी लागली, "तोडायचीच होती ना? मग तुटली तर सगळे गप्प का?"

मार्गदर्शक पुढे झाले. "मशीन जुनं आहे सर. त्याचं काही खरं नाही."

मित्रांनो, मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. कारण ते खरेही असू शकत होते. राडाताईने फक्त होकारार्थी मान हलवली असती, तरी सुटली असती. ती तुटलेल्या तुकड्यावरून बोट फिरवत उभी होती.

"मशीनवर ढकलता येणार नाही, सर," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"ते आज चुकत असेल, तर माझ्या आधीच्या सगळ्या तुळयाही त्यानेच तोडल्यात. मग तेही आकडे गेले. आणि ते बरोबर असेल, तर ही तुळई कमी पडली. दोन्हीपैकी काय, ते मला आत्ता माहीत नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग शोधणार कसं?"

"आधी मशीन तपासून घेते. मग उरलेल्या तुळया तोडते."

"ठीक आहे. आज मी सही करत नाही. नापासही करत नाही. शोधून या."

दाराबाहेरच्या जिन्यात आईने विचारले, "म्हणजे झालं की नाही झालं?"

"अर्धं झालं, आई," ती म्हणाली, आणि मग रडली.

त्यानंतर तिने पत्रांवर पत्रे लिहिली, तेव्हा कुठे नवी तपासनीस आली. पोलादी कडे माझ्याखाली आले. किती वर्षांनी! मी खोटा ठरलो, तर या मुलीची सगळी मेहनत माझ्यामुळे पाण्यात जाणार होती. तपासनीस बाईंनी पुन्हा पुन्हा दाब दिला, आकडे ताडून पाहिले आणि म्हणाल्या, "तेल गळतंय, सील बदला. बाकी काटा खरं सांगतोय."

मी सुटलो, पण तिचे काय? ती आणि काका टाकीपाशी जाऊन उभे राहिले.

"मी रोज भरतो हो टाकी," काका कासावीस होऊन म्हणाले.

"भरता, काका. पण फरशी खचलीय. पाणी सगळं या टोकाला येतं. ते टोक बघा, कोरडं आहे. आजवर मी या टोकाच्याच तुळया काढत आले."

मग तिने दोन्ही टोकांच्या तुळया वेगवेगळ्या तोडल्या. पाण्यातल्या दणकट निघाल्या. कोरड्या सगळ्या कच्च्या निघाल्या. साध्या काँक्रीटच्या तुळया त्याच कोरड्या टोकाला ठेवून पाहिल्या, तर त्यांचे एवढे नुकसान झाले नाही. म्हणजे राडारोड्याचे काँक्रीट फार तहानलेले असते. त्याला पुरेसे पाणी दिले नाही, तर ते वरून चांगले दिसते आणि आतून कच्चे राहते. हे तिच्या प्रबंधात कुठेच नव्हते. तिने नवे प्रकरण लिहिले.

दुसऱ्या खेपेला परीक्षक म्हणाले, "तुळई तोडली नसती, तर मी त्याच दिवशी सही केली असती. मग कुणीतरी तुमचा प्रबंध वाचून बाल्कनी बांधली असती, आणि त्या बाल्कनीत कुणाचं तरी मूल उभं राहिलं असतं." मग त्यांनी सही केली.

राडाताई आता दुसऱ्या गावी शिकवते. गेल्या आठवड्यात इथे समोरच्या खोलीत एक नवे यंत्र आले. त्याला काटा नाही. रंगीत पडद्यावर सुबक आकडे उमटतात, आणि मुले ते पाहून लगेच उतरवून घेतात. अजून कुणी त्याच्याखाली पोलादी कडे ठेवलेले नाही. ते बिचारे नवे आहे, त्याला स्वतःबद्दल शंका घ्यायचीही सवय नाही. मला त्याची फार काळजी वाटते. मित्रांनो, आम्हाला पुसा, तेल द्या, ते हवेच. पण आमच्यावर माया असेल, तर अधूनमधून आमच्यावर शंकाही घ्या. मला हलता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी त्या खोलीत जा आणि त्याला एकदा विचारा, "हे खरं कशावरून?"