पिवळ्या पट्टीच्या बाहेर

“स्ट्रेचर आत आणू नका!” मी जीव खाऊन ओरडले, तर अँब्युलन्सवाले माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मीच वेडी. अहो पण लोखंडी स्ट्रेचर! जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या चुंबकाचा जोर उतरवायलाच किती वेळ लागतो, आणि चालू असताना जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या आत साधी कात्री नेली तरी हातातून सुटून उडते. आणि आमचे जुने सहकारी तोगाशीसान नेमके चुंबकाच्या पायथ्याशी बेशुद्ध, आडवे! शेवटी मी आणि आमच्या बॉस उसामीसान, दोघींनी त्यांना निळ्या प्लॅस्टिकवर घेतलं आणि पोत्यासारखं ओढत पट्टीबाहेर काढलं.

बाहेर आल्यावर त्यांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य काय, तर, “साचा हलवला नाही ना कुणी?”

“मरायला टेकलात आणि साचा कसला!” उसामीसान रडतही होत्या आणि ओरडतही होत्या.

आता हा माणूस तिथे करायचा काय, तर ओतायचा. सिरॅमिकची बारीक पूड पाण्यात कालवून दुधासारखी करायची आणि चुंबकाच्या पोटातल्या प्लास्टरच्या साच्यात ओतायची. प्लास्टर पाणी पिऊन टाकतं, आणि तेवढ्यात चुंबक एकेक कण वळवून सगळ्यांची तोंडं एका दिशेला करतो. मग भट्टी. ओतायचं मात्र एका धारेत, बुडबुडा न येता. तरुणपणापासून तोगाशीसान हेच करत आलेले.

त्यांचं हृदय मध्येच थांबतं, पेसमेकर बसवा, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हे तयारच नव्हते. पेसमेकर बसला की त्या खोलीत पाऊल टाकता येत नाही ना! मी एकदा कँटीनमध्ये त्यांना धरलंच.

“अहो, एका खोलीसाठी जीव देणार का?”

त्यांनी सुर्रकन नूडल्स ओढल्या. “नेगिशी, तुझा फोन दिवसातून किती वेळा वाजतो?”

“कोण मोजतंय! आई, मैत्रिणी, शिवाय तो विमावाला...”

“माझा वाजत नाही. विमावालासुद्धा विसरला मला. पण आत जाताना सगळेच फोन बाहेर ठेवतात. तिथे माझा वाजत नाही हे कुणाला कळत नाही. मलाही कळत नाही.”

मी आपला माझ्या ताटातला तळलेला कोळंबीचा टेम्पुरा त्यांच्या वाडग्यात टाकला.

“म्हातारा समजतेस काय मला?” म्हणाले, आणि खाल्ला.

त्या दिवशी पडल्यावर मात्र हॉस्पिटलात त्यांना कुणी विचारत बसलं नाही. म्हणजे विचारलं असणार, सही त्यांचीच होती, पण दुसरं काय म्हणणार ते? छातीत पेसमेकर बसला.

बरे होऊन आले ते शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, सगळ्यांसाठी तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा घेऊन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आता वरच्या मजल्यावर, नमुने घासायच्या टेबलावर जागा दिली होती. पण आधी ते माझ्याबरोबर खाली आले. चुंबकाच्या खोलीच्या काचेच्या दारावर हृदयाच्या चित्रावर लाल फुली आहे. मी रोज तिथून जाते हो, पण ती बघितली अशी त्याच दिवशी.

ते तिथेच थांबले.

“जा, ओत.”

“मी? माझा हात थरथरतो!”

“थरथरला तर साचा धू आणि परत ओत. कोण बघतंय?”

मी आत गेले. श्वास धरला, भांडं कललं, धार लागली. बरी लागली! कधी एकदा त्यांना दाखवते असं झालं, म्हणून मान वर केली.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. हातात कॉफी घेऊन लोक त्यांच्या बाजूने जात होते, आणि हे डोळे मिटून, कोपर अंगाशी घट्ट धरून उभे. रिकामी मूठ हळूहळू कलत होती.

माझं भांडं अजून निम्मं भरलेलं होतं. त्यांची मूठ पूर्ण उलटी झाली, तरी त्यांनी ती खाली घेतली नाही. शेवटचा थेंब पडायची वाट बघत ते तसेच उभे राहिले.