उजव्या खांद्याचा अर्धा इंच

मी एक जुनी जोडणी आहे, मित्रांनो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मेंदूत, दोन चेतापेशींच्या मध्ये मी राहते. धुळीच्या कणाहूनही लहान. माझ्यासारख्या कितीतरी जणी मिळून एकच गोष्ट सांभाळतो: बाईंच्या लेकीचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता आहे.

लेक सहा वर्षांची असताना आम्ही घडलो. शाळेचा सदरा तिच्या अंगावर तिरका बसला होता. बाईंनी तो उसवला, उजवीकडे खडूची रेघ खाली ओढली आणि पुन्हा शिवला. ते माप त्यांनी वहीत कधीच लिहिले नाही. "पोटच्या पोरीचं माप काय लिहायचं?" असे म्हणून त्या हसत.

आठवण दगडावर कोरलेली असते असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. माझ्यातले प्रत्येक प्रथिन काही दिवसांत झिजून मोडते. त्यातले एक मला बळकट ठेवते. मी त्याला पहारेकरी म्हणते. दुसरे त्याला माझ्यापाशी धरून ठेवते. सगळे पहारेकरी एकदम जात नाहीत. जुना पहारेकरी गेला की नवा त्याच जागी येऊन चिकटतो. अशी चौतीस वर्षे गेली. त्या दिवसाचा एकही कण माझ्यात उरलेला नाही, तरी अर्धा इंच कधी चुकला नाही.

आता नवे पहारेकरी येईनासे झाले आहेत. शेजारणी एकेक करून गळून पडल्या. मी हाका मारते. कोणी येत नाही.

आज लेक कापड घेऊन आली. बाईंनी दोन्ही खांदे एका रेषेत आखले आणि कात्री उचलली.

"अगं आई, माझा उजवा खांदा!"

"मग माप सांगा ना ताई, ओरडता कशाला?"

लेकीने त्यांच्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली. मग तिने बाईंचा अंगठा धरून आपल्या खांद्यावर टेकवला. "बघ तरी. यावरून चिमणीसुद्धा घसरेल, असं तूच चिडवायचीस ना मला?"

माझ्यापर्यंत एक क्षीण ठिणगी पोचली. अंगठा जरासा खाली सरकला आणि थांबला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी विसरत असेल तर त्याला गप्प करू नका. विचारा, हात धरून दाखवा. गेलेले परत येईलच, असे वचन मी देऊ शकत नाही. माझा शेवटचा पहारेकरी सुटत चालला आहे.

पोरी, अंगठा सोडू नकोस. पुन्हा विचार तिला. पुन्हा विचार.