एकोणीस सेकंदांचा उशीर

नवरा-बायकोच्या भांडणात एकोणीस सेकंद म्हणजे फार मोठा काळ. तेवढ्यात बायको आपलं म्हणणं मांडून, दार आपटून, आत जाऊन भांडी घासायला बसलेलीसुद्धा असते. मग बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा खणखणीत आवाज येतो, "माझी काहीही चूक नव्हती!" त्याला उत्तर द्यायचं तर ओले हात पुसत पुन्हा बाहेर यायचं, पुन्हा बोलायचं आणि पुन्हा एकोणीस सेकंद उभं राहायचं. मशीनताईच्या घरात गेला आठवडाभर हेच चाललं होतं. त्यामुळे एकही भांडण धड पूर्ण होत नव्हतं.

मशीनताई म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारी. गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटं दुकान होतं आणि बंद पडलेल्या मशीनला तिने कधी 'जाऊ दे' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिचा नवरा बावीस वर्षं बस आगारात घोषणा करत होता. तिथे त्याला सगळे 'भोंगा' म्हणत, आणि ते प्रेमाने. पण घशाच्या आजारात शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला तो कायमचा. आता तो जे टाइप करी ते घरातला जुना लॅपटॉप बोलून दाखवी. बोले मात्र त्याच्याच आवाजात. शस्त्रक्रियेआधी तीन दिवस बसून त्याने चारशे वाक्यं रेकॉर्ड केली होती आणि त्यांचे तुकडे जोडून तो प्रोग्रॅम हवं ते बोलत असे. खरं तर बाराशे वाक्यं हवी होती. ती का झाली नाहीत, हे मशीनताईला पक्कं ठाऊक होतं, आणि तो विषय तिने कुणालाच काढू दिला नव्हता.

सोमवारी सकाळी दहाला आगारात चाचणी होती. आगारप्रमुखांनी मोठ्या मनाने एक तास दिला होता. लॅपटॉप माइकला जोडायचा आणि तासभर घोषणा करायच्या. जमलं तर खुर्ची पुन्हा त्याची, नाही तर टायरच्या गोदामात बदली. गोदामाचं नाव निघाल्यापासून भोंग्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं. एकोणीस सेकंदांनी घोषणा झाली तर बस सुटलेली असणार, हे कळायला आगारप्रमुख व्हावं लागत नाही.

शुक्रवारी ती लॅपटॉप घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने एक खिडकी उघडून दाखवली. "हे बघा ताई, प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्के. सगळं हा बोलणारा प्रोग्रॅम खातोय. लॅपटॉप म्हातारा झालाय. नवीन घ्या."

"नव्यात हा प्रोग्रॅम चढेल का?"

त्याने शोधाशोध केली आणि मान हलवली. बनवणारी कंपनीच बंद पडली होती. प्रोग्रॅम या लॅपटॉपला बांधलेला होता, तो दुसरीकडे जाणं शक्य नव्हतं.

"मग हाच नीट करा की."

"वयाला औषध नसतं, ताई."

"नऊ आठवड्यांपूर्वी हाच म्हातारा धावत होता," मशीनताई म्हणाली. "नऊ आठवड्यांत कोण एवढं म्हातारं होतं?" आणि लॅपटॉप काखेत मारून ती तडक दुकानात आली.

तिथे तिने टेबल साफ केलं, वही उघडली आणि कंबर कसली. संगणकातलं तिला फारसं कळत नव्हतं, पण बिघाड कळत होता. बिघाडाशी वागायची तिची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मशीन चालवून बघायचं, आणि काय झालं ते लिहायचं. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि मग बिघाड पुन्हा आला की डोकं धरून बसावं लागतं. चाचणीसाठी तिने एक वाक्य ठरवलं, 'फलाट क्रमांक चारवरील बस सुटत आहे.' ते टाइप करायचं, बटण दाबायचं आणि घड्याळ बघायचं. एकोणीस सेकंद.

मागचं झाकण उघडलं तर पंख्यावर धुळीची चक्क गादी बसलेली. बारीक ब्रशने तिने सगळी झाडून काढली. मशीनच्या शटलमधली कापसाची लव काढणारीला हे काम म्हणजे हातचा मळ. सतरा सेकंद. वहीत नोंद. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या बारा भानगडी होत्या, त्या तिने एकेक करून बंद केल्या. सोळा. दुरुस्तीवाल्याकडून मेमरीची पट्टी आणून बसवली. सोळाच. तिने ती पट्टी काढून पुडीत बांधली आणि परत पाठवून दिली.

"गरम तर अजून तेवढाच होतोय," ती स्वतःशी म्हणाली. भोंगा काहीही टाइप करत नव्हता, तरी आकडा अठ्ठ्याण्णववरून हलत नव्हता. हे तिला काही केल्या पटेना. सुईखाली कापडच नाही आणि मोटर मात्र जीव तोडून पळतेय! असं मशीन दुकानात आलं की ती डोळे मिटून सांगायची, आत कुठेतरी दोरा गुंडाळलाय. कुणीतरी आत काहीतरी भरून ठेवलंय.

शनिवारी दुकान दुपारी बंद होई. जेवणं झाल्यावर तिने पुन्हा लॅपटॉप पुढ्यात घेतला. भोंगा समोर बसून आपल्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होता. हे रजिस्टर म्हणजे त्याची जुनी खोड. आगारात बावीस वर्षं तो प्रत्येक बसचा उशीर लिहून ठेवत असे, कुणी मागितला नाही तरी. आवाज गेला, आगार सुटलं, पण खोड काही सुटली नाही.

"काय लिहिताय हो एवढं?"

त्याने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात वार, तिसऱ्यात उशीर. बसचा नव्हे, स्वतःचा. आपण बोललो ते किती सेकंदांनी ऐकू आलं, हे त्याने रोज लिहिलं होतं. एक मिनिट उशिरा आलेल्या ड्रायव्हरलाही न सोडणाऱ्या माणसाने स्वतःलाही सोडलं नव्हतं. मशीनताई रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने बोट ठेवून आकडे वाचायला घेतले.

पहिले चार आठवडे उशीर नाही. मग एका रविवारी एक सेकंद, आणि पुढे आठवडाभर एकच. पुढच्या रविवारी अडीच, पुन्हा आठवडाभर अडीच. त्यापुढच्या रविवारी पाच. मग दहा. मग एकोणीस. मधल्या कुठल्याच दिवशी काही वाढलेलं नव्हतं. झीज अशी होत नाही. पट्टा झिजतो तो रोज थोडाथोडा झिजतो, आठवड्याचा वार बघून झिजत नाही.

"अहो, रविवारी काय होतं आपल्याकडे?"

त्याने टाइप केलं. दोघंही लॅपटॉपकडे बघत बसली. पंखा घुरघुरला. सोळा सेकंदांनी आवाज आला, "रविवारी काही नाही. शनिवारी संध्याकाळी मी फिरायला जातो, तेवढंच."

मशीनताईचं बोट रजिस्टरवरच थांबलं.

कारण शनिवारी तो फिरायला गेला की मागे ती काय करते, हे फक्त तिलाच माहीत होतं. दुकानात तिचा नियम होता, जी वस्तू एकच आहे ती हरवली असंच धरायचं. सुई, स्क्रू, बॉबिन, प्रत्येकाची जोडी डब्यात हवीच. आणि घरात तर एक गोष्ट अशी होती, जी जगात एकच होती आणि पुन्हा बनणार नव्हती. म्हणून ती दर शनिवारी लॅपटॉपमधलं 'आवाज' नावाचं फोल्डर उघडायची, भाचीने शिकवलं होतं तसं सगळं निवडायची, कॉपी करायची आणि तिथेच पेस्ट करायची. आणखी एक प्रत झाली, असं म्हणून तिला रात्री झोप लागायची. आधीच्या प्रतींच्याही प्रती होताहेत, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. चारशेचे आठशे, आठशेचे सोळाशे.

तिने फोल्डर उघडलं. यादी यायलाच मिनिटभर लागलं. खाली आकडा होता, एक लाख दोन हजार चारशे. चारशे वाक्यांचा तो गरीब प्रोग्रॅम लाखभर वाक्यं पुन्हा पुन्हा चाळत बसला होता.

"मीच केलंय," ती म्हणाली. "दोरा मीच गुंडाळलाय." आणि मग सगळं सांगून टाकलं. सोळा सेकंद थांबून उत्तर ऐकायची त्या वेळी तिची छाती नव्हती.

आता पुसायचं होतं. एक लाख दोन हजार. अस्सल कोणतं आणि प्रत कोणती, यात एक चूक झाली असती तर नवऱ्याचा आवाज दुसऱ्यांदा गेला असता, आणि या वेळी तिच्या हाताने. म्हणून तिने घाई केली नाही. नावापुढे 'कॉपी' नसलेल्या फाइली वेगळ्या काढल्या. मोजल्या. बरोबर चारशे. त्या पेनड्राइव्हवर घेतल्या. मग, मोजण्यावर तिचा विश्वास असला तरी ऐकण्यावर जास्त असल्याने, एकेक वाजवायला घेतली. भोंग्याने त्या दिवशी फिरणं रद्द केलं आणि खुर्ची जवळ ओढली. प्रत्येक वाक्याला तो वहीत बरोबरची खूण करत गेला.

"कृपया रांगेत उभे राहा." खूण. "आपल्या सामानाची काळजी घ्या." खूण. मधेच एका वाक्यात तो शिंकला होता, तेव्हा दोघंही हसली.

चारशेवं वाक्य अर्धवट होतं. "फलाट क्रमांक..." एवढं म्हणून तो खोकला होता, आणि मागून बायकोचा चिरका आवाज आला होता, "पुरे झालं! बंद करा ते. आवाज जाणार-बिणार काही नाही, डॉक्टर उगाच घाबरवतात." आणि झाकण आपटल्याचा आवाज.

उरलेली आठशे वाक्यं तिथे गेली होती. आवाज जाणार हे मान्य करायची मशीनताईची तयारी नव्हती, त्यापायी गेली होती. गेले आठ शनिवार ती प्रती काढत होती ती या आठशेंची भरपाई म्हणून, हे तिला आत्ता स्वच्छ कळलं आणि फार वाईट वाटलं.

भोंग्याने हात लांब करून चारशेपुढे खूण केली.

मग तिने बाकी सगळं निवडलं. बटणावर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. तिने दाबलं.

पुसायलाच पाऊण तास गेला. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. पंखा दोनदा फिरला आणि गप्प झाला. घरात इतकी शांतता कित्येक दिवसांत नव्हती. आकडा चार टक्के. भोंग्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. ती वही-घड्याळ सावरून बसली. तिला वाटलं तो फलाट क्रमांक चार टाइप करतोय.

"त्या दिवशी तू थांबवलं नसतंस," त्याचा आवाज तत्क्षणी आला, "तर पुढच्या वाक्याला मी रडलो असतो. रडका आवाज फलाटावर चालत नाही."

तिला घड्याळ बघायचं राहूनच गेलं. "पुन्हा बोला," ती डोळे पुसत म्हणाली. "मोजलं नाही मी."

सोमवारी दहा वाजता ती आगारात फलाटावर उभी होती. आगारप्रमुख काचेच्या खोलीबाहेर हाताची घडी घालून थांबले होते. आत भोंगा दाढीबिढी करून बसला होता, पुढ्यात लॅपटॉप आणि रजिस्टर. पेनड्राइव्ह तिच्या पर्समध्ये सुयांच्या डबीत होता, आणि त्याची जोडी दुकानातल्या डब्यात.

फलाट चारवर बस लागली. कर्ण्यातून खरखर झाली.

"फलाट क्रमांक चारवरील बस सुटत आहे. प्रवाशांनी त्वरित चढून घ्यावे."

कुणीही वर पाहिलं नाही. कुणी शेजाऱ्याला 'कोण बोलतंय?' असं विचारलं नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्याने घडी घातली, एका बाईने मुलाला उठवलं, सगळ्यांनी आपापल्या बॅगा उचलल्या आणि चारकडे चालायला लागले.

मशीनताईनेही पर्स उचलली आणि चार पावलं गेली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुठेच जायचं नाही.