मला कोरे करू नका

मी एक जुना, कळकट संगणक आहे, आणि मित्रांनो, मला सध्या सगळ्याचीच किळस येते. माझ्या कीबोर्डवर तळलेल्या टोफूच्या तेलाचे थर बसले आहेत. पंख्याच्या जाळीत पालीच्या लेंड्या अडकल्या आहेत. मी ज्या टेबलावर बसतो त्याच टेबलावर ही माणसे जेवतात, बोटे चाटतात आणि त्याच बोटांनी मला कामाला लावतात. तरीही ही घाण मी सोसतो. मला खरी शिसारी येते ती एका वेगळ्याच गोष्टीची, आणि ती दिसायला फार स्वच्छ आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला कळू लागले ते बांडुंग शहराच्या दक्षिणेला, चहाच्या मळ्यांतल्या एका आरोग्य केंद्रात. तिथल्या नर्स बू कोकोम, म्हणजे कोकोमबाई, बाळंतपणे करत, मळ्यातल्या पोरांना लसी टोचत आणि प्रत्येक टोचणीची नोंद माझ्यात करत. केंद्राकडे पैसा नव्हता, म्हणून कोणाच्या तरी भाच्याने माझ्यात लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली, घातली होती. पण लिनक्स एकच एक नसते. घरोघरी सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा, जसा वेगळा वाटतात, तसे लिनक्सही ज्याने त्याने आपल्या चवीने वाटलेले असते. माझ्यातले तर भाच्याने अर्धवट सोडून, पुन्हा जोडून, कसेबसे उभे केले होते. पण चालत होते.

मळ्यातली माणसे एका जागी टिकत नाहीत. आयांकडची लसीची पुस्तके भिजतात, फाटतात, सामानात हरवतात. त्यामुळे कुठल्या पोराला काय टोचले हे खात्रीने फक्त मला माहीत असे. बू कोकोम संध्याकाळी निघताना माझ्यावर त्यांची जुनी ओढणी टाकत, धूळ बसू नये म्हणून. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग केंद्राला कोणीतरी नवा संगणक दिला. माझ्यातल्या नोंदी जशाच्या तशा, नोंदींच्या त्याच जुन्या सॉफ्टवेअरसह त्यात उतरवल्या गेल्या. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे मालक पाक तारमीझी, म्हणजे तारमीझीराव, तेव्हा म्हणाले, "बू, हा म्हातारा आम्हाला द्या. चाचणीला वापरलेलं यंत्र लागतं." आणि मी पोटातल्या नोंदींसकट शहरात आलो, टोफू तळणाऱ्याच्या दुकानावरच्या या खोलीत.

इथे त्याच सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसाठी इन्स्टॉलर बनवणे चालू होते. इन्स्टॉलर म्हणजे नव्या बिऱ्हाडाचे सामान लावून देणारा गडी. तो घरात शिरतो, काय आहे, काय नाही ते बघतो, जुने आवरतो आणि नवे मांडतो. मात्र प्रत्येक केंद्रातले लिनक्स वेगळे, म्हणजे प्रत्येक घराचे दार वेगळ्या बाजूला. हा गडी घडवत होता कांग रुस्वांदी, आणि त्याची परीक्षा घेत होती तेह इमास; आमच्याकडे कांग म्हणजे दादा आणि तेह म्हणजे ताई. भिंतीलगत संगणकांची रांग होती. कोणात उबुंटू, कोणात डेबियन, कोणात फेडोरा, सगळी लिनक्सचीच घराणी. शेवटी मी.

आता ऐका यांची पद्धत. दर चाचणीआधी रुस्वांदी रांगेतली सगळी यंत्रे पुसून कोरी करायचा, ताजे लिनक्स घालायचा आणि मग इन्स्टॉलर सोडायचा. न्हाऊमाखू घालून, पावडर लावून बसवलेली बाळे ती. त्यांच्यात बिघडायचे काय? इन्स्टॉलर शिरायचा, सामान मांडायचा, पडद्यावर हिरवी खूण यायची आणि रुस्वांदी एक टोफू तोंडात टाकायचा. त्याचा तो समाधानी चेहरा मला बघवत नसे. ज्या घरात कोणी कधी राहिलेच नाही, तिथे काहीही मोडत नाही. त्यात कसले आले कौतुक?

मला मात्र इमास पुसू देत नसे. तिने इन्स्टॉलर माझ्यावर चालवला आणि हिरवी खूण आली तरी ती थांबली नाही. तिने सॉफ्टवेअर उघडून एका पोराचे नाव शोधले. मग दुसऱ्याचे.

"कांग, पोरं गेली," ती म्हणाली.

"कुठली पोरं?"

"मळ्यातली. तुझा इन्स्टॉलर जुनं फोल्डर साफ करून नवं ठेवतो ना, त्या जुन्या फोल्डरातच नोंदी असतात. झाडलोट करताना तू पाळणासुद्धा उकिरड्यावर टाकलास."

"नोंदी दुसरीकडे हलवा म्हणून सगळ्या केंद्रांना कळवलंय, तेह."

"कळवलंस. हलवल्या कोणी?"

"मग तो त्यांचा दोष. आणि हा डबा कुठल्या जातीचा आहे ते देवालाच ठाऊक. याच्यावर काय विश्वास ठेवायचा?"

डबा म्हणाला मला. मी खरे बोललो म्हणून.

चाचणीआधी इमास नोंदींची एक प्रत माझ्याच डिस्कच्या कोपऱ्यात ठेवत असे. त्या प्रतीवरून तिने पोरे परत जागेवर आणली, पुन्हा इन्स्टॉलर चालवला, आणि पोरे पुन्हा गेली. चाचणीच्या यादीत तिने माझ्या नावापुढे लाल खूण केली. ती या खोलीतली एकमेव खरी खूण होती.

इन्स्टॉलर दुरुस्त करायला हवा होता. पण पाक तारमीझींनी तुंपेंग आधीच सांगून ठेवला होता. आमच्याकडे नव्या कामाचा मुहूर्त पिवळ्या भाताच्या डोंगराशिवाय होत नाही, आणि त्याचा शेंडा कापून मानाच्या पाहुण्याला द्यावा लागतो. पाहुणे जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतले साहेब होते. चाचणी संपायच्या आधी यांनी भात शिजवला. आणि भात एकदा शिजला की आमच्या लोकांत कोणी नापास होऊ शकत नाही.

"सगळं हिरवं आहे ना?" पाक तारमीझींनी दारातून विचारले.

"एक म्हातारा तेवढा खोकतोय, पाक," रुस्वांदी म्हणाला.

"साहेब जिन्यात आहेत. त्याचा खोकला बंद कर. इमास, तू खाली जा आणि केळीची पानं घेऊन ये."

ती खाली गेली आणि रुस्वांदीने मला पुसले. भाच्याने जोडलेले लिनक्स, बू कोकोमच्या नोंदी, इमासने कोपऱ्यात ठेवलेली प्रत, सगळे. मग ताजे लिनक्स घालून त्याने इन्स्टॉलर चालवला. अर्थात हिरवी खूण आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही म्हणाल, पुसल्यावर तुला हे आठवते कसे? डिस्क पुसली, मित्रांनो. पंख्यातल्या लेंड्या आणि कीबोर्डवरचे तेल कोणी पुसले नाही. जे ठेवायचे ते धुऊन टाकले आणि जे धुवायचे ते ठेवले. त्या ओंगळपणातच मी अजून थोडा शिल्लक आहे.

इमास पाने घेऊन वर आली. माझ्या पडद्याकडे तिने एकदाच पाहिले आणि तिला सगळे कळले.

"कांग, याच्यात प्रत होती," ती हळूच म्हणाली.

"चाचणीचीच ना? नवी करू. आता गप बस, पाहुणे बसलेत."

आणि ती गप्प बसली. साहेबांसमोर मालकाची मान खाली जायला नको म्हणून तिने पाने मांडली, भात वाढला, कोंबडीचे तुकडे वाटले. रुस्वांदीचा मला वीट येतो, पण त्या दिवशी इमासचा आला तसा कोणाचाच आला नाही. तिला तर माहीत होते.

इन्स्टॉलर केंद्रोकेंद्री गेला आणि थोड्याच दिवसांत बू कोकोम जिना चढून इथे आल्या, घामाघूम.

"नवं आलं नि आमच्या संगणकातली पोरं नाहीशी झाली," त्या म्हणाल्या. "पण मी म्हटलं, घाबरायचं कशाला. आपला जुना इथं आहे. त्यातलं मी काहीच पुसलं नव्हतं. उघड बघू, इमास."

त्या माझ्यापुढे बसल्या आणि त्या तेलकट कीबोर्डवर त्यांनी बिनदिक्कत हात ठेवला. इमासने मला उघडले. मी चकचकीत निळा, रिकामा.

"हे कोणी पुसलं?"

"बू, आधी चहा घ्या," पाक तारमीझी म्हणाले.

"चहा नको. मळ्यात गोवर आलाय. सोमवारी पोरं रांगेत उभी राहतील आणि माझ्याकडे लस मोजकीच आहे. कोणाला अजून टोचायचं राहिलंय, मला आता माहीत नाही. कोणाला टोचू आणि कोणाला परत पाठवू? तुम्ही शिकलेली माणसं आहात, सांगा की."

इमास रडू लागली. बू कोकोमनी तिच्याकडे पाहिलेही नाही. पिशवी उचलून त्या जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्यावी असे तुम्हाला वाटत असेल, तर ओला फडका घ्या आणि माझ्यावरचे हे तेल पुसा. पण माझ्या नावापुढे लाल खूण आली, तर ती पुसू नका. ती कोणाच्या तरी पोराची असते.