लेडीजच्या खुर्च्या

चंद्रभागेने आईचा पिठाने माखलेला हात मनगटाला धरून वर उचलला आणि चुलीच्या उजेडात निरखून पाहिला.

“काय गं, लागलंय का कुठं?” नवसाबाईने विचारलं.

“आई, तू लेडी आहेस. खरीखुरी लेडी.”

पंचवटीपलीकडच्या मळ्यातून रोज इंग्रजी शाळेत जाणारी ही पोर आज आनंदाने नुसती उसळत होती. शाळेच्या संमेलनात तिला एका इंग्रजी शब्दाचा इतिहास सांगायचा होता, आणि बाईंच्या जाडजूड कोशात तिला घबाडच सापडलं होतं. फार जुन्या इंग्रजीत लेडी म्हणजे पावाचं पीठ मळणारी. पाव राखणारा तो लॉर्ड, आणि पाव खाणारा तो नोकर.

“म्हंजी तुझा बाप नोकर,” नवसाबाई म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. “पाव काय नि भाकर काय. पीठ ते पीठच.”

“मग उद्या येशील ना ऐकायला?”

एवढ्या वर्षांत नवसाबाईने शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. तिथं आपल्याला कोण विचारतंय, असं म्हणून ती दरवेळी विषय उडवून लावायची. आज मात्र म्हणाली,

“येते की. आता तर यायलाच पायजे.”

चंद्रभागेला आभाळ ठेंगणं झालं. त्या नादात पुढचं सांगायचं राहूनच गेलं. पीठ मळणारी चुलीपाशीच राहिली होती आणि शब्द तेवढा बंगल्यात राहायला गेला होता.

छत्तीस सालच्या नाशकात संमेलनाच्या पुढच्या खुर्च्या वकील-डॉक्टरांच्या बायकांच्या असत आणि बाकीच्या आया मागे सतरंजीवर बसत. कुणी सांगत नसे, सगळ्यांना ठाऊक असे. नवसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, सरळ पुढे गेली आणि वकिलीणबाईंच्या शेजारी ऐसपैस बसली. व्यासपीठाच्या कडेला उभी असलेली चंद्रभागा बघतच राहिली.

एक शिक्षिका लगबगीने आल्या. “मावशी, तुम्ही मागे बसा. या खुर्च्या लेडीजसाठी आहेत.”

“ठावं हाय,” नवसाबाई म्हणाली. “म्हणूनच बसले. रोज मळते मी.”

सभागृहात हशा पिकला. नवसाबाई हसली नाही. तिने साक्षीदाराकडे बघावं तसं लेकीकडे पाहिलं.

चंद्रभागेला आधी लाज वाटली, मग त्या लाजेचाच राग आला. नाव पुकारायची वाट न बघता ती पुढे झाली.

“आई बरोबर बोलतेय,” ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. पाव, पीठ, लॉर्ड, नोकर, सगळं एका दमात सांगून टाकलं. आईला न सांगितलेला भागही सांगितला. “मळणं सुटलं तरी नाव सुटलं नाही. ज्या मळत राहिल्या, त्यांचं नाव मात्र गेलं.”

हशा केव्हाच विरला होता. तेवढ्यात वकिलीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्या रागावल्या असं सगळ्यांना वाटलं, चंद्रभागेलाही.

“आमच्याकडे स्वयंपाकी आहे,” त्या हळूच म्हणाल्या आणि सतरंजीकडे निघाल्या.

नवसाबाईने त्यांच्या शालूचा पदर धरला.

“बसा हो बाई,” ती म्हणाली. “मळायला काय, उद्यापास्नं लागता येतं.”